सुपडूनानांना आवडलेली सोळा पानं

वर्तमानपत्राच्या कचेरीत दोन गोष्टींचा ढीग आपोआप वाढतो. एक प्रूफांचा, दुसरा किश्शांचा. प्रूफं निदान महिन्याकाठी रद्दीवाला उचलतो. किस्से कोणी उचलत नाही. मी जळगावात सव्वीस वर्षं बातमीदारी केली. पाणीटंचाई, निवडणुका, केळीच्या अडकलेल्या वॅगन, सगळं लिहून झालं. लोक ते विसरले, मीही विसरलो. पण जुनी चार माणसं चहाला बसली की कोणीतरी म्हणतंच, "ते सुपडूनानांचं सांगा."

तर सांगतो. आणि आधीच बजावतो, की यात मी प्राध्यापक मंडळींविषयी जे बोलणार आहे ते मागे घेणार नाही.

सुपडूनाना आमच्या छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे कंपोझिटर, शिशाचा एकेक खिळा उचलून अक्षरं जुळवणारा माणूस. गाव भडगाव, शिक्षण सातवी. सोमवारी सकाळच्या एसटीनं यायचे, शनिवारी दुपारच्या एसटीनं जायचे. व्यासंग वगैरे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. हातात येईल ते पुस्तक वाचायचे आणि वाचून झालं की मत द्यायचे. दोन ओळी, फार तर तीन. मी एम.ए. झालेला माणूस. पुस्तकाबद्दल दोन ओळींत बोलता येतं हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

*

त्या काळी प्रकाशक परीक्षणासाठी प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती पाठवत. आमच्याकडे त्यातली एक शेठच्या, म्हणजे मालकाच्या, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जायची. दुसरी धुळ्याला, देवपूरच्या एका प्राध्यापकांकडे. ते चार कॉलम परीक्षण लिहीत आणि पुस्तक परत पाठवत. नियमाचे पक्के होते, एवढं मान्य करतो.

एकदा असंच परीक्षण आलं. "लेखकाची अनुभूती उत्तरार्धात अधिक गहिरी होते," वगैरे. नाना ते जुळवत होते. मधेच थांबून त्यांनी शेजारी पडलेलं पुस्तक उचललं, उलटसुलट केलं आणि मला हाक मारली.

"भाऊ, यानी पुस्तक वाचेल नही शे."

"वाचलेलं नाही? कशावरून?"

नानांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. बाइंडिंगच्या वेळी उत्तरार्धातला एक गठ्ठा थोडा आत सरकला होता, कटिंग मशीनचं पातं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. सोळा पानं वरच्या कडेला एकमेकांना चिकटलेली, जशी घडी घातली तशी. सुरी लावल्याशिवाय ती उघडणं शक्य नव्हतं. गहिरा झालेला उत्तरार्ध अजून पाकिटातच होता!

मी ते पुस्तक तसंच शेठच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि बरंच बोललो. शेवटी शेठ म्हणाले, "मग कोण लिहिणार?"

"नाना."

"जुळारी?"

"वाचणारा माणूस," मी म्हणालो.

अशी 'एका वाचकाचं मत' ही रविवारची चौकट सुरू झाली. नाना बोलायचे आणि तिथेच, केसपुढे, म्हणजे खिळ्यांच्या खणांपुढे, उभं राहून, स्वतःच जुळवायचे. हस्तलिखित नावाची भानगडच नाही. मानधनाऐवजी त्यांनी एकच गोष्ट मागितली: दुसरी प्रत. ती शनिवारी त्यांच्या पिशवीतून भडगावला जायची. तिथे त्यांनी घराच्या ओट्यावर एक फळी ठोकली होती. गल्लीतल्या बाया, शाळामास्तर, गिरणेकाठचे शेतकरी, कोणीही यावं आणि पुस्तक न्यावं. गावात तेवढाच एक पुस्तकांचा रस्ता होता आणि तो आमच्या चौकटीतून जात होता.

*

पहिल्याच महिन्यात एक रहस्यकथा आली. नाना कोणतंही पुस्तक शेवटाकडून वाचायचे. तरुणपणी भुसावळच्या एका छापखान्यात होते, तिथे हात चपळ म्हणून घाईचा शेवटचा मजकूर नेहमी त्यांच्याकडे यायचा. ती सवय लागली ती लागलीच.

मी म्हटलं, "नाना, मग रहस्यकथेत मजा काय राहिली?"

"खुनी कोण ते आधी कळलं की मग त्याच्याकडं नीट लक्ष देता येतं."

त्या रविवारचं मत असं होतं: "खून डॉक्टर करतो. हे आधी सांगितलं, म्हणजे वाचकाला निवांत वाचता येईल. पुस्तक बरं आहे."

मंगळवारी प्रकाशकाचं पत्र आलं. त्यातली विशेषणं मी इथे देत नाही. शेठनी मला आणि नानांना बोलावलं. पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बाहेरच्यांची बोंब मी ऐकून घेईन, पेपर खपतोय. पण ज्या दिवशी माझ्या घरातून तक्रार येईल, त्या दिवशी चौकट बंद. आणि दोन्ही प्रती पुन्हा पहिल्यासारख्या."

नाना जिना उतरताना म्हणाले, "शेठच्या घरात वाचतं कोण?"

ते मला त्या वेळी फार दिलासादायक वाटलं.

*

आमच्या छापखान्यात पुस्तकंही छापत. एका स्थानिक लेखिकेची कौटुंबिक कादंबरी आली. अठ्ठेचाळीस पानं जुळवून झाली आणि उद्गारचिन्हांचा खण रिकामा पडला. पार बुडापर्यंत. नेमका त्याच दिवशी निवडणुकीचा निकाल, आमदार पडलेला, मी सात कॉलमी मथळा देऊन खाली आलो. मथळ्यात एक उद्गारचिन्ह होतं.

"नाही," नाना म्हणाले.

"एक तरी असेल."

"बठ्ठी, सगळीच्या सगळी, कादंबरीतल्या बाईच्या तोंडात अडकली आहेत. ती रडायची थांबली की देतो."

आमदार बिचारा पूर्णविरामावर पडला. आणि खरं सांगतो, मथळा जास्त चांगला दिसला.

कादंबरीवरचं नानांचं मत: "माणूस रडतो तेव्हा वाचणाऱ्याला कळतं. चिन्ह लावावं लागलं, म्हणजे ती रडत नव्हती." हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक नव्या बातमीदाराला ऐकवत आलो आहे. ऐकतं कोणी नाही. आजची वर्तमानपत्रं पाहा, म्हणजे पटेल.

*

मग यशाच्या पुस्तकांची लाट आली. माणसं कशी जिंकावीत, श्रीमंत कसं व्हावं, दहा दिवसांत व्यक्तिमत्त्व. बसस्टँडजवळच्या दुकानात हीच पुस्तकं पुढे मांडलेली. आमचे वितरण मॅनेजर भुसावळचे. आयुष्यात कधी हसले नव्हते, पण माणूस सरळ. त्यांनी असलं एक पुस्तक नानांच्या हातातून ओढून नेलं आणि आठवड्यात वाचून काढलं. पुस्तकात लिहिलं होतं: समोरच्याकडे पाहून हसा, त्याला नावानं हाक मारा, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करा.

सोमवारी पहाटे पेपरचे गठ्ठे वाटताना मॅनेजर एकेका एजंटाकडे पाहून हसले. नावानं हाक मारली. पोरांची चौकशी केली.

दहा वाजता चार एजंट माझ्या टेबलाशी उभे. "साहेब, खरं सांगा. पेपर बंद होतोय का?"

दुपारपर्यंत ही बातमी चाळीसगावला पोचली होती. शेठनी मॅनेजरांना बोलावून सक्त ताकीद दिली, की उद्यापासून पूर्वीसारखं ओरडायचं. मॅनेजर ओरडले आणि गाव शांत झालं.

नानांचं मत: "पुस्तक गुणकारी आहे. मात्र सुरुवात लहानपणी करावी."

*

प्रवासवर्णनाचं थोडक्यात. नऊ दिवस युरोपात जाऊन आलेल्या एका गृहस्थांचं तीनशे पानांचं पुस्तक. नानांनी लिहिलं: "मी तीस वर्षं भडगाव ते जळगाव जातो-येतो. माझं पानभरसुद्धा होत नाही. यांची नजर चांगली असावी, किंवा यांना कोणी थांबवत नसावं."

*

आता झोक्याचं.

पुण्याच्या एका नावाजलेल्या कादंबरीकारांनी आपल्या भागावर कादंबरी लिहिली. रावेरची केळी, तापीचा काठ, सगळं होतं. तिथल्या भेटीत म्हणे ते भारावून गेले होते. पान सत्तावीसवर नायिका केळीच्या झाडाला दोर बांधून झोका घेते. उंच, आकाशाला भिडणारा!

आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. केळीला स्वतःच्या घडाचा भार पेलवत नाही, तिलाच टेकू द्यावा लागतो. पण जळगावात त्यांचा सत्कार ठरला, प्राध्यापक मंडळी ओळीनं बोलली, "मातीचा गंध" हे शब्द मी माझ्या वहीत अकरा वेळा लिहिला. झोक्याबद्दल एकानंही चकार शब्द काढला नाही.

सत्कार संपल्यावर नाना पुढे झाले. अतिशय नम्रपणे म्हणाले, "साहेब, जवळच बाग आहे. पाहायला येता का?"

लेखक खूश. आम्ही पाच-सहा जण निघालो. बागेत पोचल्यावर नानांनी पिशवीतून सुताचा नवा दोर काढला आणि लेखकांच्या हातात दिला.

"बांधा."

लेखक हसले. मग हसायचे थांबले. म्हणाले, "अहो, कादंबरीत असं चालतं."

"मग चंद्रावर बांधा ना. आम्ही कोणी तक्रार करायचो नाही. रावेरचं नाव कशाला घेता?"

मला आजही वाटतं, परीक्षणाला म्हणतात ते हेच. बाकीचं हार-तुरे.

*

नाना कौतुक करतच नसत असं मात्र नाही. एका कृषी सहायकानं केळीच्या लागवडीवर एकशे बारा पानांचं साधं पुस्तक लिहिलं आणि आमच्याकडे छापायला दिलं. नानांनी ते जुळवता जुळवता वाचलं. नंतर पुन्हा घरी नेऊन वाचलं. रविवारच्या चौकटीत ते यायचं होतं, त्याआधीच मला म्हणाले, "भाऊ, यात एक वाक्य फुकट गेलेलं नाही. एक काढलं तर एक झाड मरेल."

नानांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही.

त्याच सुमारास दुसरंही एक पुस्तक आमच्याकडे छापलं जात होतं. शेठचे धुळ्याचे व्याही अण्णासाहेब, कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक, यांचं आत्मचरित्र. हस्तलिखित तीन वेगवेगळ्या अक्षरांत होतं आणि त्यातलं एकही अण्णासाहेबांचं नव्हतं. दोन्ही पुस्तकं एका आकाराची, एकाच कागदावर, हजार-हजार प्रती. बाइंडिंगच्या खोलीत सोळा-सोळा पानांच्या घड्यांचे ढीग शेजारी शेजारी लागले. हे आमच्या बाइंडरनं, वनानं, केलेलं काम. वना ढिगाचा नंबर पाहून घडी उचलायचा. त्याला वाचता येत नव्हतं, आकडे येत होते.

*

देवपूरच्या एका सभागृहात अण्णासाहेबांच्या आत्मचरित्राचं प्रकाशन झालं. तीनशे पाहुण्यांना प्रत भेट. मी बातमीसाठी गेलो होतो. आपले ते नियमाचे पक्के प्राध्यापक मुख्य वक्ते. त्यांनी व्यासपीठावर पुस्तक मधोमध उघडलं, क्षणभर नजर टाकली आणि म्हणाले, "विशेषतः अण्णासाहेबांचं शेतीविषयीचं चिंतन मला थक्क करून गेलं."

मी चपापलो. अण्णासाहेबांनी जन्मात कापसाशिवाय दुसऱ्या पिकाला हात लावला नव्हता, आणि तोही बाजारात. पण अण्णासाहेब मान डोलावत होते. मीही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कचेरीत रावेरकडचे एक शेतकरी आले. तुकारामभाऊ. हातात केळी-लागवडीचं ते पुस्तक.

"भाऊ, मले एक सांगा. हे ऐंशीव्या पानाच्या शेवटी लिहिलंय, लागवडीच्या वेळी शेतकऱ्यानं. बरं. पुढच्या पानावर लिहिलंय, आधी घराणं पाहावं, रंग मागाहून."

"मग?"

"घराणं म्हणजे कोणाच्या बागेतला कंद ते पाहायचं, इथपर्यंत समजलं. पण पुढं लेखकाचे सासरे त्याला स्टेशनावर घ्यायला येतात. पाणी कधी द्यायचं ते मले सापडून नाही राह्यलं. आमच्या गावात वीस-पंचवीस जणांनी हे पुस्तक घेतलंय. सगळे थांबलेत."

नाना शेजारीच उभे राहून ऐकत होते. आत गेले, अण्णासाहेबांच्या आत्मचरित्राची प्रत घेऊन आले आणि ऐंशीवं पान उघडलं. शेवटची ओळ अशी होती: "वडील मला जवळ घेऊन म्हणाले, बाळ, मुलगी पाहायला जाताना माणसानं". आणि पुढचं पान सुरू होत होतं: "निरोगी बागेतलाच कंद घ्यावा. वजन अर्ध्या किलोच्या खाली नसावं."

सहा नंबरच्या दोन ढिगांची अदलाबदल झाली होती. पान एक्क्याऐंशी ते शहाण्णव. हजारच्या हजार प्रती.

तीनशे सुशिक्षित पाहुणे, एक मुख्य वक्ता आणि एक लेखक. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते कंद हातात घेऊन बसलेल्या माणसाच्या.

नाना तुकारामभाऊंना म्हणाले, "तुमची पानं सापडली. पण ती जरा मोठ्या घरात जाऊन बसली आहेत. आठ दिवस द्या."

*

मी पेटलो होतो. ही बातमी पहिल्या पानावर घ्यायची, प्राध्यापकांच्या भाषणासकट. मी कागद पुढे ओढला, तेवढ्यात नानांनी त्यावर हात ठेवला.

"प्राध्यापकाला काय होईल?"

"नाक कापलं जाईल!"

"ते पुन्हा उगवतं. पण वना घरी जाईल. त्याला तीन पोरी आहेत."

मी कागद बाजूला केला. गुरुवारी शेठनी आम्हा दोघांना वर बोलावलं. टेबलावर आत्मचरित्र होतं, न उघडलेलं.

"रविवारी चौकटीत अण्णासाहेबांचं पुस्तक. मत चांगलं आलं पाहिजे. व्याह्यांकडून तक्रार म्हणजे माझ्या घरातून तक्रार. काय ठरलंय ते आठवतंय ना?"

आठवत होतं. चौकट बंद, प्रती बंद, भडगावची फळी बंद.

खाली आल्यावर मी म्हणालो, "नाना, खोटं लिहू नका. मी राजीनामा देतो, त्यांच्या तोंडावर."

"त्यानं फळीवर पुस्तकं येतील का?"

"मग काय लिहिणार?"

"मी आजवर खोटं लिहिलं का?"

"नाही."

"मग झालं तर."

शुक्रवारी नाना केसपुढे उभे राहिले. हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे जुळणीच्या पट्टीत, खिळे पडत होते, टक टक टक. मी मागे उभा होतो, पण उलटी अक्षरं मला कधीच वाचता आली नाहीत. फार वेळ लागला नाही. शनिवारी नाना नेहमीच्या एसटीनं गेले. पिशवीत त्या आठवड्याची दोन पुस्तकं होती.

रविवारी सकाळी मी पेपर उघडला. एका वाचकाचं मत:

"अण्णासाहेबांचं आत्मचरित्र शेवटपर्यंत वाचलं. पान एक्क्याऐंशी ते शहाण्णव फार उत्तम. त्यात एक वाक्य फुकट गेलेलं नाही. हातात कामं असणाऱ्यांनी ही पानं जपून ठेवावीत."

सोमवारी शेठ स्वतः जिना उतरून छापखान्यात आले. असं ते फक्त दसऱ्याला येत. आम्ही दोघं उभे राहिलो. वना बाइंडिंगच्या दारात उभा होता.

शेठ म्हणाले, "धुळ्याहून अण्णासाहेबांचा फोन होता."

वना दारातून एक पाऊल मागे सरकला.

"म्हणाले, एवढ्या लोकांनी पुस्तक वाचलं, पण नेमकं ओळखलं ते या एकानं. त्या सोळा पानांसाठी मी आयुष्य वेचलंय, म्हणाले." शेठनी रुमालानं कपाळ पुसलं. "चौकट चालू ठेवा. आणि भडगावच्या फळीसाठी त्यांनी पंचवीस प्रती पाठवल्या आहेत."

गठ्ठा दुपारी आला. नानांनी सुतळी सोडली, प्रती मोजल्या, पुन्हा बांधल्या. भडगावला त्यातली एकही गेली नाही. सगळ्या संध्याकाळच्या गाडीनं, तुकारामभाऊंच्या नावानं, रावेरला रवाना झाल्या.